लॉरिन हिल : पठण आणि गायन

रॅप हा तालबद्ध पठणाचा प्रकार. त्यात सुरापेक्षा शब्दाचा आघात आणि यमकाची गुंफण यांना प्राधान्य असते. लॉरिन हिल (जन्म १९७५) या अमेरिकन कृष्णवर्णीय कलावतीची पृथगात्मता अशी की, पठण आणि गायन ही दोन्ही अंगे तिने एकाच कंठात नांदविली. ‘फ्यूजीज’ या त्रयीच्या ‘द स्कोअर’मध्ये (१९९६) ही शक्ती प्रकर्षाने प्रकटली, ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ (१९९८) या स्वतंत्र संग्रहात ती परिणतीस पोचली.

या शीर्षकात कार्टर वुडसन यांच्या १९३३ च्या ग्रंथाचा पडसाद आहे. वुडसन यांचा प्रश्न समाजाच्या शिक्षणाचा होता. येथे तो प्रेम, मातृत्व आणि श्रद्धा यांच्या अनुभवांतून व्यक्तिगत होतो. आरंभीच्या हजेरीत तिच्या नावाला उत्तर मिळत नाही, हे या दृष्टीने सूचक होय.

१९९९ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार त्यास मिळाला. हिपहॉपमधील कृतीस तो प्रथमच लाभला. सहकारी वादकांनी श्रेयासाठी लावलेला दावा २००१ मध्ये तडजोडीने मिटला. तथापि संगीतरचनेचे श्रेय विभागले, तरी संग्रहाचे ऐक्य तिच्या कंठाने साधले आहे, हे नाकारता येत नाही. २००२ च्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’मध्ये केवळ गिटारच्या साथीने ती गाते, तेथे बांधणी सैल, पण आत्मनिवेदन अधिक उघडे आहे. पुढील वीस वर्षांत दुसरा स्टुडिओ-संग्रह आला नाही. निर्मितीच्या या अल्पतेने तिच्या कारकीर्दीचा विस्तार उणावतो. पहिल्या सिद्धीचे मोल मात्र उणावत नाही.