काशीकरांची खुर्ची

आमच्या रविवारच्या गटात आरक्षणावर चर्चा होते, सूत्रं माझ्याकडे. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीला मी 'वेळ संपली' म्हणून थांबवलं आणि पुढची पाच मिनिटं स्वतःच बोललो. घरी येऊन तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) पुन्हा वाचलं.

आपण हे नाटक बेणारेबाईंसाठी वाचतो. या वेळी मी काशीकरांना पाहत होतो. खटला खोटा, तरी शिस्त कोर्टाचीच. शपथ ऑक्सफर्ड डिक्शनरीवर. सुखात्मे एकटेच दोन्ही बाजूंचे वकील. न्यायाधीश मध्येच साक्षीदार होतात आणि मग निकालही देतात. बाईंना बोलायला १० सेकंद! त्यांचं लांबलचक स्वगत आपल्याला ऐकू येतं, कोर्टाला नाही.

नियमांच्या आडून माणसाला किती सहज गप्प करता येतं, हे तेंडुलकर नेमकं दाखवतात. एक मात्र खटकतं. कान कोरत बसणारे काशीकर इतके हास्यास्पद आहेत, की माझ्यासारखा सभ्य माणूस त्यांच्यात स्वतःला ओळखतच नाही. मलाही दुसऱ्या वाचनात ओळख पटली.

यापुढे मत मांडायचं असेल, तर आधी खुर्ची सोडणार. येत्या रविवारी ती त्या मैत्रिणीला देतोय.