एक मिनिट, न अडखळता

साठ सेकंद बोलायचं. विषय दुसरा कुणीतरी देणार: चहाची टपरी, उन्हाळा, शेजाऱ्याचं कुत्रं, काहीही. अटी तीन. अडखळायचं नाही, एकदा वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. समोर तिघे टपून बसलेत. तुम्ही चुकलात की ते बझर दाबणार आणि उरलेले सेकंद त्यांचे. शिट्टी वाजेल तेव्हा जो बोलत असेल त्याला गुण. मोबाइलवर टायमर लावून करून बघा. वीस सेकंद टिकलात तरी पुष्कळ.

'जस्ट अ मिनिट' नावाचा हा खेळ बीबीसीच्या रेडिओवर डिसेंबर १९६७ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. तो इयन मेसिटर यांना सुचला त्यामागे शाळेतली गोष्ट आहे. वर्गात लक्ष नव्हतं म्हणून मास्तरांनी त्यांना उभं केलं आणि 'गेल्या मिनिटभरात मी काय बोललो ते न अडखळता, पुनरुक्ती न करता सांग' असं फर्मावलं. निकोलस पार्सन्स यांनी हा कार्यक्रम पन्नासहून जास्त वर्षं चालवला. २०२० मध्ये ते गेले, आता ते काम स्यू पर्किन्स करतात. २०१२ मध्ये ही मंडळी मुंबईत येऊन दोन भाग ध्वनिमुद्रित करून गेली. अर्थात इंग्रजीत.

इतकी वर्षं लोक यात ऐकतात तरी काय? विनोद म्हणावेत तर ते बरेचदा बेताचेच असतात. लिहून काढलेत तर त्यातल्या निम्म्यांवर हसू येणार नाही. माझ्या मते लोक ऐकतात तो माणसाचा कोरडा पडत चाललेला घसा. क्लेमेंट फ्रॉइड शब्द संपत आले की थंडपणे वस्तूंची यादी सुरू करायचे. ती यादी आणखी किती लांबेल, याचीच उत्सुकता लागून राहायची. केनेथ विल्यम्स अन्याय झाला म्हणून असा आकांत करायचे, की जणू घरावर जप्ती आली आहे. सगळ्यांना ठाऊक असायचं की गुणांना कवडीची किंमत नाही, बक्षीस काहीच नाही. तरी भांडण खरं वाटायचं. पत्त्यांच्या डावात पैसे न लावताही चुलतभाऊ हमरीतुमरीवर येतात, तसं.

हा खेळ टीव्हीवर आणायचे प्रयत्न झाले, पण तिथे तो रुजला नाही. चेहरा दिसला की आपण चेहरा बघतो. रेडिओवर फक्त श्वास असतो, आणि वाक्याच्या मध्ये घेतलेला एक जादा श्वास म्हणजे गडी आता पडणार, हे ऐकणाऱ्याला बझरच्या आधी कळतं. तो अर्धा सेकंद श्रोत्याचा असतो.

याच रेडिओवरचा दुसरा खेळ, १९७२ पासूनचा 'आय अ‍ॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू', आणखी वात्रट. त्यात लंडनच्या स्टेशनांची नावं आळीपाळीनं घ्यायची, आणि जो आधी 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' म्हणेल तो जिंकला. मधले नियम? नाहीत. पण आहेत असं सगळे गंभीरपणे दाखवतात. हे इंग्रजी डोक्याचं खूळ वाटत असेल तर पुणे-सोलापूर एसटीत बसा. पहिला म्हणतो, 'यवत.' दुसरा बराच विचार करून, 'पाटस.' तिसरा, 'भिगवण.' इथे पहिला दचकतो: 'रविवारी भिगवण चालतं का?' 'चालतं, कुरकुंभ घेतलं नसेल तर.' मग कुणीतरी हळूच 'पळसदेव' टाकतो, बाकीचे मान डोलावतात, आणि डाव इंदापूरला संपतो. काहीही घडलेलं नाही, पण न खेळणारा माणूस मागच्या सीटवरून कान देऊन ऐकत असतो, नियम शोधत.

मराठी रेडिओला विनोदाचं वावडं कधीच नव्हतं. मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, हे तीन आवाज घराघरातले झाले. तुमच्या आजीला विचारा, ती आवाज काढून दाखवेल. पण तो विनोद कागदावरचा होता. सरकारी माध्यमात कागद आधी मंजूर होतो, मग बोलला जातो. कलाकारांचं कसब एवढं, की कागद ऐकू यायचा नाही. तिघं खरंच माजघरात बसून बोलताहेत असं वाटायचं. तरी वाक्याच्या शेवटी काय येणार हे बोलणाऱ्याला माहीत असायचं. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टमध्ये ते माहीत नसायचं, पण तिथे गुणांना किंमत होती, म्हणून हसू मागच्या बाकावर.

मग 'जस्ट अ मिनिट' मराठीत आणावा का? जसाच्या तसा आणला तर पहिल्या वाक्यात गडी बाद. 'हळूहळू सकाळ झाली' म्हटलं की पुनरुक्ती. 'गरमगरम', 'घरोघरी', 'चालता चालता', 'लांबच लांब': आपली भाषा शब्द जोडीनं चालवते, ती तिची चूक नव्हे, चाल आहे. आणि 'ते आपलं हे' हे तीन शब्द काढून घेतले तर निम्मा महाराष्ट्र मुका होईल. विषय न सोडण्याची अट तर आपल्या मुळावरच येते. कीर्तनकार विषय सोडून कुठल्या कुठे जातो आणि बरोबर अभंगाच्या चरणावर परत येतो, यालाच आपण दाद देतो. इंग्रजी खेळात विषयांतर हा गुन्हा, आपल्याकडे ती कला. म्हणजे नियम आपले लागतील.

ते आपल्याकडे आहेतच. उखाणा घ्या. नाव यमकात आलं पाहिजे, सगळ्यांसमोर आलं पाहिजे, आलं नाही तर घास मिळणार नाही किंवा करवली दारातून आत सोडणार नाही. म्हणजे नियम आहे, दंड आहे, आणि चुकण्याची वाट बघणाऱ्या बायका आहेत. आमच्या ऊसपट्ट्यातली एखादी नवरी ऐन वेळी असं काही जुळवून टाकते:

उसाला आला तुरा, टोळी काही येईना
अमुकरावांचं नाव घेते, आता तरी घास घ्या ना!

कविता म्हणून ही फुटकळ आहे. पण पहिली ओळ टाकल्यावर ती जेव्हा थांबते, तेव्हा अख्खा मांडव तिच्याबरोबर यमक शोधत असतो. आता नवरी मोबाइलमध्ये शोधलेला उखाणा वाचते. तो निर्दोष असतो, टाळ्याही पडतात, पण श्वास कुणी रोखत नाही.

दुसरा ऐवज तमाशातल्या बतावणीचा. दोन सोंगाडे, एक सरळ बोलतो, दुसरा प्रत्येक शब्द उलटा घेतो. कथेचा सांगाडा ठरलेला, बोलणं त्या रात्रीचं, त्या गावचं. 'विच्छा माझी पुरी करा' वसंत सबनीसांनी लिहिलं खरं, पण दादा कोंडके त्यात ताज्या बातम्या घुसडायचे, म्हणून लोक तेच नाटक पुन्हा बघायला जायचे. ही तर रेडिओसाठीच केलेली कला वाटते: दोन आवाज आणि एक गैरसमज.

मग असा खेळ मराठीत का जमला नाही? मंजुरीच्या कागदाचं कारण अर्धंच. एफएमवाल्यांकडे कागद नव्हता. त्यांनी फोनवरून अनोळखी माणसाला बनवायचा धंदा निवडला. त्यात खेळ ठाऊक असतो फक्त एकाला. दुसऱ्याला आपण खेळतोय हेच माहीत नसतं, म्हणून ते ऐकताना मला हसण्याआधी ओशाळं वाटतं. पॅनलच्या खेळात जो पडतो तो स्वतःहून आखाड्यात उतरलेला असतो.

आणि आता मोबाइल. तुम्ही-आम्ही हसतो ते तीस सेकंदांच्या तुकड्यांवर, आणि त्या तुकड्यातून अडखळणं कापलेलं असतं. न कापलं तर आणखी वाईट: अडखळलेला क्षण तेवढाच वेगळा काढून गावभर फिरतो. रेडिओवर चुकलेलं वाक्य हवेत विरायचं, पुढच्या मिनिटाला नवा विषय मिळायचा. आज कॉलेजातली हुशार, तोंडाळ पोरं माइक समोर आला की गप्प होतात, ती मला भित्री वाटत नाहीत. त्यांना फॉरवर्ड कसा होतो हे माहीत आहे.

म्हणून अशा खेळाला जागा छोटीच बरी. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आहे, ९०.४ एफएम. सामुदायिक रेडिओला साधारणपणे शंभर वॅटचीच परवानगी असते, त्यामुळे तो आवाज हवेतून इंदापूरपर्यंतही पोचत नाही. एवढ्याशा टापूत चौघं बसवावीत: एक तमाशातला जुना सोंगाडा, एक एसटीची कंडक्टर, एक कीर्तनकार, एक बारावीतली मुलगी. बझर नको, ताटावर चमचा पुरे. विषयांतर केलं तर गुण, मात्र मिनिट संपायच्या आत मूळ शब्दावर परत यायचं. जोडशब्द माफ. 'ते आपलं हे' एका मिनिटात एकदाच. पहिला विषय मी देतो: टोळी कधी येणार.