गीत सुचते कोठून? : रेव्हरंड टिळकांच्या अभंगांच्या निमित्ताने

गीत कसे सुचले, असे एखाद्या गीतकाराला विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘देवाने दिले.’ हे उत्तर खोटे नाही. श्रद्धावंताला ते पुरेसेही वाटेल. परंतु समीक्षकाला तेथे थांबता येत नाही. दान देवाचे, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच : ते घ्यायला गीतकाराजवळ भांडे कोणते होते? आपल्या धर्मग्रामांतून आज नवी भक्तिगीते मोठ्या उत्साहाने रचली जात आहेत. अशा वेळी हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही; रविवारच्या मिस्सेत आपण काय गातो, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतरच्या आयुष्याचा मोठा भाग नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात गेला. ते प्रोटेस्टंट होते. पण त्यांच्या गीतांनी पंथांच्या भिंती केव्हाच ओलांडल्या आहेत.

टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती गीते नव्हती, असे नाही. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. पण त्या काळातील पुष्कळशी उपासनागीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि मूळच्याच पाश्चात्त्य चालींवर ती गायली जात. त्यांतील भक्ती खरी होती. अडचण कानाची होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा लघु-गुरूंवर. परकी चाल तशीच ठेवून मराठी शब्द तिच्यात कोंबले, की जोर भलत्याच अक्षरावर पडतो, चालीचा विसावा शब्दाच्या मध्येच येतो आणि गाणाऱ्याचा श्वास अर्थाला तोडून जातो. लोक असे गीत पाठ करतात, आदराने गातातही. पण दळताना, खुरपताना ते त्यांच्या ओठांवर आपसूक येत नाही.

टिळकांनी काय केले? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी भावना त्यांनी व्यक्त केली होती. हे उद्गार आपण त्यांच्या धर्मांतराच्या संदर्भात नेहमी आठवतो. त्यांच्या गीतरचनेच्या संदर्भातही ते तितकेच खरे आहेत. ‘अभंगांजली’तील टिळक अभंगाचे अनुकरण करीत नाहीत, ते अभंगातच विचार करतात. मोठ्या अभंगाची बांधणी पाहावी. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, त्यांतील दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक आणि शेवटी चार अक्षरांचा आखूड चरण. पहिल्या तीन चरणांत भाव चढत जातो. चौथा त्याला टेकायला जागा देतो. त्या थांब्यावर टाळ वाजतो, समुदाय साथ देतो. म्हणजे या रचनेतच मंडळीसाठी जागा राखलेली आहे. टिळकांच्या उत्तम अभंगांत प्रभूचे नाव किंवा शरणागतीचा शब्द नेमका या जागी येतो. तो तेथे ओढून बसवलेला वाटत नाही, कारण कवीचा कान लहानपणापासून त्या विसाव्याची वाट पाहायला शिकलेला आहे.

अर्थात टिळकांची प्रत्येक रचना या उंचीची नाही. जेथे त्यांच्यातील उपदेशक कवीच्या पुढे धावतो, तेथे साचा अभंगाचा असूनही गीत कोरडे राहते. यावरून एवढेच कळते की भांडे कितीही चांगले असले, तरी ते स्वतः पाणी निर्माण करीत नाही.

भांड्याची ही ओळख टिळकांच्याही आधी एका जेझुइट फादरांना पटली होती. याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशाला, १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली आणि ओवीला ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. सुमारे सव्वातीनशे वर्षांनी, १६१६ साली, तिकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेही ओवीतच. ओव्यांची संख्या जवळपास अकरा हजार. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूंनी आपल्या देशातील छंद येथे आणला नाही. लोकांच्या कानात जो होता, तोच त्यांनी प्रभूच्या चरित्राला वाहिला.

सर्वांत बोलका दाखला मात्र लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. विवाहसमयी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे टिळकांनी त्यांना शिकवले. टिळकांच्या मृत्यूमुळे, १९१९ साली, अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम याच बाईंनी अंगावर घेतले. शाळेने जे दिले नव्हते, ते बायकांच्या ओव्यांनी, कथा-कीर्तनांनी आणि घरातील काव्याच्या सहवासाने दिले होते. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असे आहे. घागर आधी भरावी लागते, मगच ती ओतता येते.

आता आजच्या गीतांकडे वळू. गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर येशूच्या नावाचे शब्द बसवण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे. तिचे समर्थक विचारतील, ‘टिळकांनी तरी लोकांच्या परिचयाचेच घेतले ना?’ आक्षेप वाजवी आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे. अभंग हा साचा आहे. तो कोणा एका गीताच्या मालकीचा नाही. शेकडो कवींनी त्यात आपापले धातू ओतले. चित्रपटाची चाल हे ओतून झालेले भांडे असते. तिला तिचे मूळ शब्द चिकटलेले असतात. ओठ प्रभूचे नाव घेत असतानाही मन पडद्यावरच्या प्रसंगात जाते. तेथे गीत सुचलेले नसते, उसने घेतलेले असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान आणि उपासनेत स्थान द्यावे, असे सांगितले. ही केवळ सवलत नव्हती. कृपा निसर्गाला मोडीत काढीत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण संगीतालाही लागू पडते. पवित्र आत्मा प्रेरणा देतो. पण ती मराठी माणसाला देताना त्याचा मराठी कान बाजूला ठेवीत नाही.

म्हणून नव्या गीतकारांकडून गीतांची अपेक्षा करण्यापूर्वी त्यांच्या कानांची काळजी वाहिली पाहिजे. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला माणसे लोटतात. त्या गर्दीत आजी-आजोबांचे बोट धरून मुलेही असतात. त्या मुलांच्या कानांवर काय पडते? धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांना ‘ख्रिस्तपुराणा’तील दहा ओव्या, टिळकांचे दोन अभंग टाळावर म्हणायला आपण शिकवतो का? हे झाले, तर वीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोणी म्हणेल, ‘गीत सुचले, देवाने दिले.’ आणि ते घेण्यासाठी घागर कोणी भरून ठेवली होती, हे आपल्याला ठाऊक असेल.