बेडकाचे वाक्य : ‘फ्रॉग बेसबॉल’ या लघुपटातील हास्य आणि भाषा

१

तळ्याकाठी खेळणारी मुले आणि पाण्यातील बेडूक यांची इसापनीतीतील गोष्ट मराठी वाचकास शालेय वयापासून परिचित आहे. मुले खेळ म्हणून दगड मारीत असतात. तेव्हा एक बेडूक पाण्याबाहेर डोके काढून त्यांना सांगतो की, तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो. कथेचे सारे सामर्थ्य या एका वाक्यात एकवटलेले आहे. या वाक्यामुळे मुलांच्या कृतीचा अर्थ बदलतो, श्रोत्याची सहानुभूती निश्चित होते आणि तात्पर्य वेगळे सांगण्याची गरजही फारशी उरत नाही.

हे वाक्य कथेतून वगळले तर मागे काय उरेल? मुले उरतील, दगड उरतील, मेलेला बेडूक उरेल आणि मुलांचे हसणे उरेल. माइक जज या अमेरिकन चित्रकाराने १९९२ मध्ये तयार केलेल्या ‘फ्रॉग बेसबॉल’ या लघुपटाची रचना नेमकी अशी आहे. जजच्या मनात इसापाची कथा होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तुलना केवळ रचनेपुरती आहे. परंतु ती केल्यावाचून या लघुपटाचे वैशिष्ट्य, त्याचा दोष आणि त्यातून उगम पावलेल्या ‘बीव्हिस अँड बट-हेड’ या दूरचित्रवाणी मालिकेचे स्वरूप, यांपैकी कशाचाही नीट उलगडा होत नाही.

२

लघुपटाची बाह्य हकीकत थोडक्यात अशी. जज याचे शिक्षण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत पदार्थविज्ञान या विषयात झाले. काही काळ अभियंत्याची नोकरी आणि काही काळ संगीतवृंदात वादन केल्यावर १९८९ मध्ये त्याने सोळा मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा विकत घेतला आणि टेक्सासमधील आपल्या घरीच तो व्यंगचित्रपट करू लागला. कोणत्याही चित्रपटसंस्थेत त्याने या कलेचे शिक्षण घेतलेले नव्हते. चित्रे त्याची, चित्रण त्याचे आणि दोन्ही मुख्य पात्रांचे आवाजही त्याचेच, असा हा एकहाती उद्योग होता. एमटीव्ही वाहिनीवर ‘लिक्विड टेलिव्हिजन’ या नावाचा प्रयोगशील लघुपटांचा कार्यक्रम त्या वेळी दाखविला जात असे. ‘फ्रॉग बेसबॉल’ त्यात दाखविला गेला, आणि त्यातील दोन पात्रांवर स्वतंत्र मालिका करण्याचे काम वाहिनीने जजकडे सोपविले. ८ मार्च १९९३ रोजी सुरू झालेली ही मालिका तिच्या पहिल्या पर्वात १९९७ पर्यंत चालली. पुढे २०११ आणि २०२२ मध्ये तिचे पुनरुज्जीवनही झाले.

लघुपटाचे कथानक असे म्हणण्याजोगे काही नाही. किशोरवयीन दोन मुले काही उद्योग नसल्यामुळे भटकत आहेत. त्यांना एक बेडूक सापडतो. बेसबॉलच्या खेळातील चेंडूच्या जागी ते त्याचा उपयोग करतात. कृती एवढीच. तिला कारण नाही, परिणाम नाही आणि शिक्षाही नाही.

३

या लघुपटासंबंधी पहिला आक्षेप चित्रांच्या ओबडधोबडपणाचा असणे स्वाभाविक आहे. रेषा थरथरते, डोकी शरीराच्या मानाने अवाढव्य आहेत, हालचालींत सलगपणा नाही. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे ग्राम्यत्व हा दोष पदोपदी आढळतो. मात्र मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषांची चर्चा करताना दोष हे नित्य नसतात, वक्ता आणि प्रसंग यांच्या औचित्याने त्यांतील काही गुणही ठरतात, हे स्पष्ट केले आहे. अधम पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द आला तर तो दोष राहत नाही. या न्यायाने दोन अडाणी मुलांच्या कथेला अडाणी रेषा शोभून दिसते, असा युक्तिवाद कोणी करील.

तो युक्तिवाद आकर्षक असला तरी पुरेसा नाही. मम्मटाची सवलत पात्राच्या उक्तीला आहे, कवीच्या उक्तीला नाही. विदूषक किंवा चेट ग्राम्य बोलतो तेव्हा नाटककाराची संस्कृत भाषा त्याच्या शेजारी उभी असते, आणि त्या शेजारामुळेच ग्राम्य शब्दाला औचित्य प्राप्त होते. ‘फ्रॉग बेसबॉल’मध्ये असा शेजार कोठेही नाही. मुले ज्या हाताने काढली आहेत त्याच हाताने जमीन, आकाश आणि बेडूकही काढलेला आहे. त्या मुलांकडे वरून पाहता येईल अशी सुरेख रेखाटलेली एकही जागा या चित्रसृष्टीत नाही. येथे निवेदक आणि पात्र यांच्यातील अंतरच नाहीसे झाले आहे.

हा परिणाम हेतुपूर्वक साधला गेला की नवशिक्या हाताच्या मर्यादेतून आपोआप घडला, हा प्रश्न चरित्रकाराचा आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, चित्रांचा ओबडधोबडपणा आणि बेडकाचे मौन या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. दोहोंमुळे एकच घडते : मुलांच्या कृतीविषयी निर्णय देणारा वरचा स्वर कलाकृतीतून काढून घेतला जातो.

४

वरचा स्वर काढून घेतल्यावर त्याची जागा हास्याने घेतली आहे, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लघुपटातील सर्वांत लक्षणीय घटक हे हास्यच होय. दोघांच्या हसण्याचे ध्वनिरूप काटेकोरपणे भिन्न ठेवलेले आहे. बट-हेडचे हसणे खालच्या पट्टीतले, संथ आणि घशात अडकलेले असते. बीव्हिसचे हसणे उंच पट्टीतले, घाईचे आणि खरखरीत असते. चित्राकडे न पाहताही कोण हसतो आहे हे केवळ कानांनी ओळखता येते. या दृष्टीने त्या हसण्यात भेदकतेचे तत्त्व पाळलेले आहे.

त्याचे वाक्यगत स्थान तर अधिकच विचारार्ह आहे. सामान्य संभाषणात हसणे ही एखाद्या उक्तीची प्रतिक्रिया असते. येथे ते उक्तीच्या आधी येते, उक्तीच्या मध्ये येते आणि उक्ती संपल्यावरही चालू राहते. लिखित भाषेत विरामचिन्हे जे कार्य करतात, त्याच्या जवळचे कार्य हे हसणे करते. शिवाय दोघांतील संपर्क अखंड असल्याची ग्वाही देते. मालिनोव्हस्कीने १९२३ मध्ये केवळ सहवास टिकविण्यासाठी होणाऱ्या भाषाव्यवहाराकडे लक्ष वेधले होते, आणि याकोबसनने १९६० मध्ये भाषेच्या सहा कार्यांत त्याला स्वतंत्र स्थान दिले. या मुलांच्या भाषेत हे एक कार्य इतके फुगलेले आहे की उरलेल्या पाचांना जवळजवळ वाव राहिलेला नाही. मूल्यनिर्णयासाठी त्यांच्यापाशी दोनच शब्द आहेत. आवडले ते ‘कूल’. न आवडले त्यासाठी एक अशिष्ट क्रियापद. या दोहोंच्या मधली एकही पायरी त्यांच्या शब्दसंग्रहात नाही.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींत वाटून दिले आहेत. अधम प्रकृतीच्या वाट्याला आलेल्या अपहसिताचे लक्षण सांगताना ते अस्थानी येणारे हसणे असते असे त्याने म्हटले आहे. बेडकाच्या मरणावरील हसणे अस्थानी आहे यात शंका नाही. परंतु अपहसितात डोळ्यांत पाणी येते, खांदे आणि मस्तक हलते. म्हणजे ते एका भावाचे शारीरिक प्रकटीकरण असते. बीव्हिस आणि बट-हेड यांच्या हसण्यामागे असा कोणताही भाव आढळत नाही. त्याला आरंभ नाही, चढ नाही आणि विश्रांतीही नाही. स्थानच नसल्यामुळे त्याला अस्थानी तरी कसे म्हणावे, असा प्रश्न पडतो.

भरताचा दुसरा भेद येथे अधिक उपयोगी पडतो. पात्र स्वतः हसते तेव्हा हास्य आत्मस्थ. ते दुसऱ्याला हसविते तेव्हा परस्थ. ‘फ्रॉग बेसबॉल’मधील आत्मस्थ हास्य विपुल आहे, परस्थ हास्याची मात्र हमी नाही. प्रेक्षक हसला तर तो कशाला हसतो? बेडकाला, की बेडकाला हसणाऱ्यांना? पहिल्या प्रकारचा प्रेक्षक मुलांच्या पंक्तीला जाऊन बसतो, दुसऱ्या प्रकारचा त्यांच्यासमोर बसतो. बेडकाचे वाक्य दुसऱ्या प्रेक्षकाच्या मनात उमटते, पहिल्याच्या मनात उमटत नाही. आणि लघुपटात असे काहीही नाही की जे पहिल्या प्रेक्षकाला उठवून दुसऱ्याच्या जागी नेऊन बसवील. हा त्याचा खरा दोष होय.

५

मालिकेचा विचार या दोषाच्या संदर्भात केला पाहिजे. दोन-तीन मिनिटांचे मौन एखाद्या लघुपटाला पेलते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेला ते पेलणे शक्य नव्हते. म्हणून जजने वगळलेले वाक्य निरनिराळ्या पात्रांत वाटून देण्यास प्रारंभ केला. व्हॅन ड्रीसन हा सौम्य, आदर्शवादी शिक्षक आला. मॅकव्हिकर हा जेरीस आलेला मुख्याध्यापक आला. डारिया ही बुद्धिमान सहाध्यायिनी आली. डारियाच्या तुटक, निर्विकार वाक्यांत मुलांविषयीचा निर्णय प्रथमच त्यांच्याच सृष्टीतून उच्चारला गेला. १९९७ मध्ये तिच्या नावाने स्वतंत्र मालिका निघाली, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे.

परंतु सर्वांत कल्पक योजना वेगळीच होती. प्रत्येक भागात ही दोन मुले कोचावर बसून एमटीव्हीवरील संगीतपट पाहतात आणि त्यांवर शेरे मारतात. हे शेरे जजने बव्हंशी आयत्या वेळी सुचतील तसे बोलून ध्वनिमुद्रित केलेले होते, आणि त्यामुळे त्यांत बोलीभाषेची अडखळण व लय अस्सल उतरली आहे. येथे भूमिका उलटतात. ज्यांच्याविषयी निर्णय द्यावयाचा ती मुलेच निर्णय देणारी होतात, आणि तोही ज्या वाहिनीने त्यांना आश्रय दिला तिच्याच मालावर. त्यांचे दोन शब्दांचे समीक्षाशास्त्र हास्यास्पद आहे खरे. पण संगीतपटांतील पोकळ डौल त्या दोन शब्दांपुढे टिकत नाही, हेही तितकेच खरे. दुसऱ्याच्या निष्पाप वाक्यातील एखादा शब्द पकडून त्यात अश्लील अर्थ ऐकण्याची त्यांची खोड भाषिक दृष्ट्या याच जातीची आहे. श्लेष सामान्यतः वक्ता करतो. येथे तो श्रोता करतो आणि वक्त्याला त्याची वार्ताही नसते. लघुपटात बेडकावर चालणारी बॅट मालिकेत शब्दांवर चालू लागते, आणि विनोद क्रौर्यापासून भाषेकडे सरकतो.

या सुधारणेची किंमतही मोजावी लागली. समंजस साक्षीदार जसजसे वाढले तसतशी प्रेक्षकाची अस्वस्थता कमी झाली. डारिया बोलली की प्रेक्षकाला काही बोलावे लागत नाही. मालिका लघुपटाहून निश्चितच अधिक विनोदी, अधिक कुशल आणि अधिक मानवी आहे. परंतु लघुपट प्रेक्षकाला जेथे एकटे सोडतो तेथे मालिका त्याला सोडीत नाही.

६

हा केवळ सौंदर्यशास्त्रीय प्रश्न नव्हता, हे १९९३ च्या ऑक्टोबरात दिसून आले. ओहायो राज्यात एका पाच वर्षांच्या मुलाने लावलेल्या आगीत त्याची दोन वर्षांची बहीण मृत्यू पावली, आणि मुलाने हे या मालिकेच्या प्रभावाखाली केले असा आरोप आईने केला. असा कार्यकारणसंबंध निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. तथापि वाहिनीने आगीचे उल्लेख काढून टाकले आणि मालिका रात्री उशिराच्या वेळेवर नेली. त्याच महिन्यात अमेरिकन सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे दूरचित्रवाणीवरील हिंसेची चौकशी झाली. समितीचे अध्यक्ष सिनेटर हॉलिंग्ज यांनी मालिकेचा उल्लेख ‘बफकोट अँड बीव्हर’ असा केला. आपण ज्याचा निषेध करीत आहोत त्याचे नावही नीट ऐकलेले नाही, हे त्या उच्चाराने उघड केले, आणि मालिकेच्या चाहत्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. परंतु थट्टा करणाऱ्यांनी मूळ प्रश्नाला उत्तर दिले असे म्हणता येणार नाही.

मूळ प्रश्न हा की, बेडकाचे वाक्य मनात म्हणण्याची शक्ती ज्या प्रेक्षकात अद्याप आलेली नाही त्याच्यापुढे ते वाक्य वगळलेली कथा मांडावी काय? पाच वर्षांचे मूल कथेतील मौन भरून काढू शकत नाही. म्हणूनच बालकथेत बेडूक बोलतो. मालिकेच्या भागांपूर्वी एक लेखी सूचना दाखविली जात असे : ही पात्रे आदर्श नव्हेत, ती माणसेदेखील नव्हेत, त्यांचे अनुकरण घरी करू नये. तिचा सूर थट्टेचा असला तरी तिचे रचनागत स्थान इसापाच्या तात्पर्याचेच आहे. लघुपटाने जे वाक्य कथेतून काढून टाकले होते, ते अशा रीतीने कथेच्या दारावर पाटी म्हणून परत आले. ज्यांना वाचता येते त्यांना त्या पाटीची फारशी गरज नव्हती. ज्यांना गरज होती त्यांना अद्याप वाचता येत नव्हते.

तेव्हा ‘फ्रॉग बेसबॉल’चे मूल्यमापन दुहेरी करावे लागते. स्वतंत्र कलाकृती म्हणून तो अपुरा आहे, कारण क्रौर्याचे चित्रण आणि क्रौर्याचा उपभोग यांतील भेद त्याने सर्वस्वी प्रेक्षकावर सोपविला आणि त्या भेदाला कलाकृतीत आधार ठेवला नाही. परंतु त्याने नियत तात्पर्याचा आधार काढून घेऊन केवळ हसण्याच्या ध्वनीवर दोन पात्रे उभी केली, आणि ती इतकी ठसठशीत उभी केली की पुढील मालिकेला त्यांचे आवाज बदलावे लागले नाहीत. शब्दांहून हास्यावर अधिक विसंबणाऱ्या या संभाषणाचे लेखन प्रचलित लिपिपद्धतीत समाधानकारक रीतीने करता येत नाही. ते कसे करावे, हास्याचे घटक कोणते मानावेत आणि त्यांचा उक्तीशी संबंध कसा दाखवावा, या प्रश्नांकडे विनोदाच्या अभ्यासकांइतकेच भाषेच्या अभ्यासकांनीही लक्ष देणे इष्ट आहे.