लेझरचे सेकंद, डोळ्याचे आठवडे

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियांत पृष्ठभागावरची पीआरके ही सर्वांत आधीची. लॅसिकचा बोलबाला झाला आणि ती मागे पडली. भडगावहून जळगावला किंवा नाशिकला चौकशीला गेलेल्या तरुणाला तिचे नाव ऐकू येते ते बहुधा ‘तुमचा कॉर्निया पातळ आहे’ असे सांगितल्यावरच. मला मात्र ती दुय्यम वाटत नाही. तिची रचना मला सर्वांत देखणी वाटते, कारण तिने निम्मे काम डोळ्यावरच सोपवले आहे.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा सुमारे शंभर मायक्रॉनचा काप उचलून खाली लेझर चालवतात आणि काप परत बसवतात. पीआरकेत काप नाहीच. वरचा जेमतेम 50 मायक्रॉनचा पेशींचा थर काढायचा आणि उघड्या पृष्ठभागावर लेझर चालवायचा. तिच्याच लासेक या प्रकारात हा थर सौम्य अल्कोहोलने सैल करून बाजूला सारतात व पुन्हा पांघरतात. ट्रान्स-पीआरके या प्रकारात तोही लेझरच काढतो.

या लेझरची तरंगलांबी 193 नॅनोमीटर. तो जैविक ऊतीला न जाळता कापतो हे मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी वायन व ब्लम यांनी 1981 साली आयबीएममध्ये दाखवले, तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. 1983 मध्ये स्टीफन ट्रोकेल यांनी तो कॉर्नियावर आणला. प्रत्येक स्पंदाला मायक्रॉनचा साधारण चौथा हिस्सा निघतो. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबराला सुमारे 12 मायक्रॉन, म्हणजे उणे तीनला 36. केसाची निम्मी जाडी! मध्यभागी जास्त आणि कडेला कमी काढून वक्रता किंचित सपाट केली की दूरची पाटी स्पष्ट होते. वजाबाकी इतकी थोडी आणि फरक एवढा, हे मला दर वेळी थक्क करते.

लेझर काही सेकंदांत थांबतो. खरी बहार त्यानंतर आहे. कडेच्या पेशी चहूबाजूंनी केंद्राकडे सरकू लागतात आणि तीन ते पाच दिवसांत जखम झाकतात. तोवर वर पट्टीसारखी मऊ लेन्स असते. हे दिवस सुखाचे नसतात: डोळा ठणकतो, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. नजर लॅसिकसारखी दुसऱ्या दिवशी लख्ख होत नाही. नवा थर गुळगुळीत व्हायला आठवडे, कधी महिनेही जातात. खाली निघालेला बोमनचा थर तर परत येतच नाही. पण काप नसल्यामुळे कुस्तीत वा कबड्डीत डोळ्यावर फटका बसला, तर काप सरकण्याची भीती उरत नाही. आखाड्यात उतरणाऱ्याला हे मोल सांगावे लागत नाही. भरतीची तयारी करणाऱ्याने मात्र त्या भरतीचे नियम आधी वाचावेत.

खानदेशात या शस्त्रक्रियेची वेळ फार महत्त्वाची. बरे होताना कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो आणि कडक उन्हातील अतिनील किरणांनी तो धोका वाढतो. मोठ्या नंबराला मायटोमायसिन या औषधाचा हात फिरवतात, पण काही महिने गडद चष्मा आणि रुंद काठाची टोपी लागतेच. आखाजीनंतर लग्न ठरलेल्या मुलीला चैत्रात हे करायला लावणे मला क्रूर वाटते. धूसर नजर, थेंबांच्या वेळा, वर गिरणाकाठची धूळ आणि ऊन. कापूस वेचणीच्या दिवसांतही शेतातली धूळ टाळता येत नाही. वेचणी आटोपल्यावर आणि ऊन तापायच्या आधी जे थोडे आठवडे मिळतात, ते इथे सर्वांत सोयीचे.

त्याआधी कॉर्नियाचा नकाशा काढणे अटळ. केराटोकोनस असेल, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल, तर जाणकार सहसा नंबरासाठी लेझर लावत नाहीत. डोळे सतत चोळणाऱ्यांनी ही तपासणी आवर्जून करावी. वय अठराच्या पुढे हवे, नंबर वर्षभर स्थिर हवा. आणि चाळिशीनंतर वाचण्यासाठी लागणारा चष्मा या लेझरने टळत नाही, कारण तो दोष कॉर्नियात नसून आतल्या भिंगात असतो.