त्या युद्धाला नाव काय द्यायचं?

फिनलंड म्हटलं की आपल्याला नोकिया, उत्तम शाळा आणि 'जगातला सर्वांत आनंदी देश' आठवतो. याच देशात १९१८ साली यादवी युद्ध झालं. त्यात ३६ हजारांहून अधिक माणसं मेली. बरीचशी रणांगणाबाहेर: गोळ्या घालून, किंवा कैद्यांच्या छावण्यांत भुकेनं आणि रोगानं.

वैनो लिन्नाची 'अंडर द नॉर्थ स्टार' (१९५९–६२) ही त्रिखंडी कादंबरी त्या वर्षापर्यंत पोचते, पण सावकाश. सुरुवातीला आहे एक दलदल आणि ती उपसून शेत करणारा युस्सी कोस्केला. जमीन चर्चची, युस्सी तिचं कूळ. खंड म्हणून पाद्र्याच्या शेतावर राबायचं. मग नवा पाद्री येतो आणि युस्सीनं घाम गाळून कसलेल्या जमिनीचा तुकडा परत घेतो. मुलगा अक्सेली हे बघत मोठा होतो. तो पुढे रेड गार्डमध्ये का गेला, हे लेखकाला वेगळं सांगावंच लागत नाही. कादंबरीची खरी ताकद इथे आहे. राजकारण भाषणांतून येत नाही, बांधावरून येतं.

जिंकलेल्या 'पांढऱ्या' बाजूनं या लढाईला रशियाविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं. मग हरलेले आपोआप देशद्रोही ठरले. १९६० मध्ये दुसरा खंड आला आणि इतिहासकारांशी जाहीर वाद पेटला. लिन्ना स्वतः टाम्पेरेच्या गिरणीतला कामगार होता. लाल बाजूनं केलेल्या हत्याही तो झाकत नाही. म्हणूनच त्याचं म्हणणं प्रचार म्हणून झटकून टाकणं अवघड गेलं.

माझी तक्रार तिसऱ्या खंडाबद्दल आहे. अक्सेलीचे दोन भाऊ पांढऱ्यांनी मारले, तो स्वतः मृत्युदंडातून वाचून तुरुंगात गेला. मग दुसऱ्या महायुद्धात त्याचे तीन मुलगे देशासाठी मरतात आणि गाव कोस्केलांना आपलं मानू लागतं. हा समेट मला फार महाग वाटतो. ज्यांचा माणूस सीमेवर मेला नाही, त्या लाल कुटुंबांचं काय? त्यांनी आपलेपणा कशानं सिद्ध करायचा? लिन्ना हा प्रश्न अगदी दारापर्यंत आणतो आणि तिथेच सोडतो.

तरीही वाचाच. कुळांना जमीन विकत घ्यायचा हक्क देणारा कायदा १९१८ च्या ऑक्टोबरमध्येच झाला, युद्ध संपून जेमतेम पाच महिने झाले होते. तोच आधी झाला असता तर? पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ याच प्रश्नापाशी अडकलो होतो.