शोक, शस्त्र आणि लेखकाची जबाबदारी

सार्वजनिक संकटाच्या वेळीं समाजाच्या तोंडून जे शब्द निघतात, त्यांना वाङ्मय म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं मतभेद होईल. पण वाङ्मयाची पारख करणाऱ्यानें त्यांच्याकडे दुर्लक्ष करणें मात्र उचित नाहीं. कारण, एखादा समाज आपल्या दुःखाला कोणते शब्द देतो, त्यावरून त्या दुःखाचें पुढें काय होणार हें बव्हंशीं ठरून जातें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळा, बाजार, नाट्यगृहें, इतकेंच काय पण देवाचीं मंदिरें, येथें बंदुकीनें ज्या सामुदायिक हत्या होतात, त्यांच्याविषयीं तिकडे जें बोललें जातें त्याचा विचार ह्या दृष्टीनें करण्यासारखा आहे. आणि तो करण्यास स्टीफन किंग ह्या कादंबरीकाराचा ‘गन्स’ हा २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला लहानसा निबंध फार उपयोगी पडतो.

निबंधाचें निमित्त सर्वांस ठाऊक आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेटिकट संस्थानांतील न्यूटाउन गांवीं, सँडी हुक प्राथमिक शाळेंत, एका तरुणानें सहा-सात वर्षांचीं वीस मुलें आणि शाळेंतील सहा मोठीं माणसें गोळ्या घालून ठार केलीं. पुढच्याच महिन्यांत किंग ह्यांनीं हा निबंध प्रसिद्ध केला. भयकथांचे लेखक म्हणून त्यांची ख्याति जगभर आहे. पण येथें त्यांनीं भय निर्माण करण्याचा मुळींच प्रयत्न केलेला नाहीं. आपण स्वतः पिस्तुलें बाळगतों, हें ते मोकळेपणानें सांगतात. आणि त्यांचें बोलणें मुख्यतः आपल्यासारख्याच शस्त्रधारी पण समंजस नागरिकांशीं आहे.

निबंधाच्या आरंभीं अशा प्रत्येक हत्याकांडानंतर घडणाऱ्या गोष्टींची क्रमवार यादी आहे. प्रथम गोळ्यांची बातमी. मग चुकीचे आंकडे आणि चुकीचे तपशील. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलाखती. मग पुढाऱ्यांचीं दुःखोद्गारपर भाषणें. मग दोन्ही पक्षांचीं ठराविक विधानें. शेवटीं दुसरी एखादी मोठी बातमी, आणि विस्मरण. हें सारें लेखकानें इतक्या कोरड्या स्वरांत सांगितलें आहे कीं, वाचणाऱ्यास आपण एखाद्या कर्मकांडाची पोथी वाचीत आहोंत असें वाटावें. आमच्या मतें निबंधाचा हा भाग वाङ्मयदृष्ट्या सर्वांत सरस आहे. शोक करणाऱ्यांची येथें थट्टा नाहीं. शोकाचा विधि कसा बनतो हें दाखविलें आहे. विधीचा गुण असा कीं, तो यथासांग पार पडला म्हणजे करणाऱ्यास कर्तव्य संपल्याचें समाधान मिळतें. ‘आमचीं मनें आणि आमच्या प्रार्थना तुमच्याबरोबर आहेत’ हें जें वाक्य तेथील पुढाऱ्यांच्या मुखीं बसून गेलें आहे, त्याचा दोष हाच आहे. प्रार्थना खोटी असते असें नव्हे. पण तिच्यानंतर कांहीं करावयाचें उरत नाहीं.

शाळेंत संस्कृत शिकलेल्या वाचकांस रामानें बाणानें वालीला मारल्याचें व्याकरणांतील उदाहरण आठवत असेल. मारणारा राम तृतीयेंत आणि ज्यानें मारलें तो बाणहि तृतीयेंत. मराठींतहि दोघांना ‘नें’ हा एकच प्रत्यय. एक कर्ता, दुसरें करण; झालेली गोष्ट पुरती कळावयास दोहोंचा उच्चार हवा. अमेरिकेंतील वादांत हें वाक्य मधोमध तोडून दोन पक्षांनीं वांटून घेतलें आहे. बंदुका माणसें मारीत नाहींत, माणसेंच माणसांना मारतात, ह्या घोषवाक्यांत केवळ कर्ता आहे. उलट पक्षाचे कित्येक लोक करणाविषयींच इतके बोलतात कीं, मारणाऱ्याचें मन कसें बिघडलें हा प्रश्न बाजूस राहतो. आणि प्रार्थनेच्या वाक्यांत कर्ताहि नाहीं, करणहि नाहीं. जणू कांहीं वीज कोसळावी तशीं तीं मुलें मेलीं!

किंग ह्यांच्या निबंधाचें मोल असें कीं, त्यांनीं हें तुटलेलें वाक्य स्वतःच्या अनुभवानें जोडून दाखविलें आहे. शाळेंत असतांनाच त्यांनीं एक कादंबरी लिहावयास घेतली होती. ‘रेज’ ह्या नांवानें, रिचर्ड बाकमन ह्या टोपण नांवाखालीं, ती १९७७ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत एक विद्यार्थी शिक्षकांना गोळ्या घालून वर्गास वेठीस धरतो. पुढें शाळांतून घडलेल्या कांहीं प्रत्यक्ष गुन्ह्यांशीं ह्या पुस्तकाचा संबंध दिसून आला. १९९७ सालीं केंटकी संस्थानांत ज्या मुलानें आपल्या शाळासोबत्यांवर गोळ्या झाडल्या, त्याच्यापाशीं तें पुस्तक होतें, हें कळल्यावर किंग ह्यांनीं तें कायमचें विक्रीतून काढून घेतलें. कोणत्याहि न्यायालयाचा तसा हुकूम नव्हता, सरकारची बंदीहि नव्हती.

येथें चाणाक्ष वाचक एक आक्षेप घेईल. अमेरिकेंतील हत्यांचें मूळ तेथील हिंसक चित्रपटांत आणि कादंबऱ्यांत आहे, हें मत किंग ह्याच निबंधांत खोडून काढतात. मग स्वतःची कादंबरी मागें कां घेतली? हा विरोध आम्हांस केवळ वरवरचा वाटतो. आपल्या पुस्तकानें तीं मुलें खुनी झालीं असें ते म्हणत नाहींत. तीं आधींच आंतून मोडलेलीं होतीं, पण आग लावण्याचा छंद असलेल्या पोराच्या हाताशीं तेलाचा डबा ठेवूं नये, इतकेंच त्यांचें म्हणणें. पुस्तक हें त्या हत्येचा कर्ताहि नव्हे आणि करणहि नव्हे. फार तर तें जवळ पडलेलें एक निमित्त. एवढ्या दूरच्या निमित्ताची जबाबदारी लेखक उचलतो, तर जें प्रत्यक्ष करण, त्याच्या धन्यानें आणि विक्रेत्यानें कांहींच उचलूं नये काय? निबंधाचें सारें बळ ह्या एका प्रश्नांत आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. किंग ह्यांच्या मागण्याहि माफक आहेत: खरेदी करणाऱ्या प्रत्येकाच्या पूर्ववृत्ताची चौकशी व्हावी, दहांहून अधिक गोळ्या मावणारीं मॅगझिनें विकलीं जाऊं नयेत, आणि लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफली नागरिकांच्या हातीं नसाव्यात.

निबंध उणा पडतो तो ह्याच्या पुढें. लेखक आपल्या सदसद्विवेकानें पुस्तक परत घेऊं शकला, कारण तें त्याचें एकट्याचें होतें. बंदुकांचे धनी कोट्यवधि आहेत, आणि त्यांच्यापाठीं राज्यघटनेचें एक वाक्य आहे. त्या वाक्याचा पुरता उलगडा करण्याचा प्रयत्न निबंधांत नाहीं. १७९१ सालच्या ह्या दुसऱ्या दुरुस्तीचा आशय असा: सुव्यवस्थित लोकसेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस अवश्य असल्यामुळें, शस्त्रें बाळगण्याचा व धारण करण्याचा लोकांचा हक्क भंगूं नये. आपल्याकडील सति सप्तमीसारखी ही रचना. आतां, पहिल्या खंडांत सांगितलेला हेतु दुसऱ्या खंडांतील हक्काला मर्यादा घालतो, कीं ती केवळ प्रस्तावना आहे? ह्या वैयाकरणी प्रश्नावर लक्षावधि माणसांचें आचरण लोंबकळत आहे. २००८ सालीं हेलर खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय दिला कीं, हा हक्क व्यक्तीचा आहे, लोकसेनेपुरता नव्हे; तो अमर्याद नाहीं, हेंहि त्याच निकालपत्रांत सांगितलें.

शस्त्र बाळगणाऱ्यांचा पक्ष केवळ हट्टाचा आहे असें मानणें न्यायाचें होणार नाहीं. राज्यसत्तेनें प्रजेला निःशस्त्र केलें म्हणजे काय होतें, हें आपणांस शिकवावयास नको. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्याची अट घातली आणि गोऱ्यांना तींतून मोकळें ठेवलें. गांधीजींनीं १९१८ सालीं सैन्यभरतीच्या पत्रकांत ह्या कायद्याचा कडक निषेध केला होता. तें वचन अमेरिकेंतील शस्त्रवादी आजहि आवडीनें सांगतात. पत्रक सरकारी सैन्यांत भरती होण्यासाठीं होतें, हें मात्र बहुधा सांगितलें जात नाहीं. स्वतंत्र भारतानेंहि १९५९ च्या कायद्यांत परवान्याची अट ठेवली. फरक हा कीं, ती आतां सर्वांस सारखी आहे. ह्यावरून एवढें दिसतें कीं, वाद नियंत्रणाचा नसून तें कोण, कोणावर आणि किती विश्वासानें करतो ह्याचा आहे.

दुसऱ्या पक्षाच्या युक्तिवादाची कसोटीहि प्रसंगानें घेतली आहे. न्यूटाउननंतर आठवडाभरांत नॅशनल रायफल असोसिएशनचे वेन लापिएर ह्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, दुष्टाच्या हातच्या बंदुकीला सज्जनाच्या हातची बंदूकच आवरूं शकते. २४ मे २०२२ रोजीं टेक्सस संस्थानांतील युवॅल्डी येथील शाळेंत एकोणीस मुलें आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हां तेथें ३७६ सशस्त्र शिपाई व अधिकारी जमले होते, आणि मारेकऱ्यास आवरावयास त्यांना एक तासाहून अधिक वेळ लागला.

अन्य देशांकडे पाहिलें म्हणजे शोकाचें वाक्य पूर्ण करतां येतें हें ध्यानांत येतें. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथें १३ मार्च १९९६ रोजीं सोळा मुलें व त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर त्या भागांतील लोकांनीं सह्यांची मोहीम काढली. त्या दिवसांत फुललेल्या स्नोड्रॉप फुलाचें नांव तिला दिलें. पुढच्या वर्षीं खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. ऑस्ट्रेलियांत पोर्ट आर्थर येथें २८ एप्रिल १९९६ रोजीं पस्तीस माणसें मेलीं. बारा दिवसांत केंद्र व राज्य सरकारांचें एकमत झालें आणि पुढें साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारनें विकत घेतल्या. न्यूझीलंडमध्यें क्राइस्टचर्च येथील मशिदींत १५ मार्च २०१९ रोजीं एकावन्न माणसें मारलीं गेल्यावर पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न ह्यांनीं मारेकऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाकारलें, आणि महिन्याच्या आंत कायदा ११९ विरुद्ध १ मतानें मंजूर झाला. कर्त्याला कीर्ति नाकारावी आणि करण काढून घ्यावें, ह्याहून संयमी शोकभाषण आम्हांस ठाऊक नाहीं. अमेरिकेंत मात्र एप्रिल २०१३ मध्यें पूर्ववृत्त-चौकशीचें बिल ५४ विरुद्ध ४६ मतें पडूनहि सिनेटांत अडलें, कारण साठ मतें हवीं होतीं. जून २०२२ मध्यें एक मर्यादित कायदा झाला खरा. पण त्याच आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयानें ब्रुएन खटल्यांत सार्वजनिक ठिकाणीं शस्त्र बाळगण्याचा हक्क अधिक विस्तृत केला.

तेव्हां किंग ह्यांचा निबंध अयशस्वी झाला असें म्हणावें काय? कायद्याच्या मापानें पाहिलें तर होय. परंतु निबंधाचें काम कायदा करणें नव्हे. वाचकाला स्वतःपुरतें उत्तर द्यावयास लावणें हें आहे. ज्या घरांत कुलुपाबाहेर भरलेलें पिस्तूल आहे, त्या घरच्या बापानें हीं थोडीं पानें वाचून तें कुलुपांत ठेवलें, तरी त्यांचें सार्थक झालें. प्रार्थना करणाऱ्यांनीं ती खुशाल करावी. मात्र ती झाल्यावर देवघरांतून उठून आपल्या कपाटांत काय आहे तेंहि पाहावें.